मीटिंगला पालकच येत नाहीत!

प्रश्न: ताई, आमची कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा, मी एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख कमिटीत आहे पण मीटिंग सकाळी अकराला आणि नोटीस नुसती कन्नडमधून, मग येणार कोण? – एक आई

उत्तर: खरंय तुमचं, अकराला बायका भाताच्या शेतात असतात की! संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर ठेवायला सांगा, निरोप पोरांच्या वहीत मराठीतून द्या. आणि हे बघा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कमिटीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, शाळेचा विकास आराखडाही कमिटीनंच करायचा, त्यामुळे नुसती सही करून येऊ नका. आधी गळकं कौल, बंद नळ, चौथीतल्या कुणाला जोडाक्षरं अडतात हे वर्गावर्गात फिरून लिहून काढा, बाकी रंगरंगोटी नंतर.