एका ॲम्प्लिफायरवर स्पीकरच्या तीन जोड्या

प्रश्न : आमचे घर जुने, कौलारू आणि लांबट आहे. सोप्यात ८ ओहमची, माजघरात ४ ओहमची आणि परड्याकडच्या पडवीत पुन्हा ८ ओहमची अशा स्टीरिओ स्पीकरच्या तीन जोड्या आहेत. गणेशोत्सवात भावकी जमते तेव्हा घरभर एकच भजन ऐकू यावे, म्हणून साउंड सर्व्हिसमधील ओळखीच्या कामगाराकडून तिन्ही जोड्या एका ॲम्प्लिफायरला जोडून घेतल्या. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. मंडपात एका ॲम्प्लिफायरवर दहा कर्णे चालतात, मग घरात तीन जोड्या का चालत नाहीत?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मंडपाबद्दलचे तुमचे म्हणणे खरे आहे, पण तिथली जोडणीच निराळी असते. मंडपात बहुधा १०० व्होल्टची लाइन टाकतात आणि प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १० वॅटवर लावलेला असा कर्णा लाइनच्या दृष्टीने सुमारे १,००० ओहमचा असतो (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप). त्यामुळे दहा कर्णे समांतर, म्हणजे सगळे त्याच दोन तारांवर, जोडले तरी एकूण १०० ओहम उरतात आणि कामगाराला फक्त वॅटची बेरीज सांभाळावी लागते. घरगुती स्पीकरला हा ट्रान्सफॉर्मर नसतो. तिथे ओहमच सांभाळावे लागतात.

तुमच्याकडे प्रत्येक चॅनेलवर ८, ४ आणि ८ ओहमचे तीन स्पीकर समांतर आले आहेत, म्हणजे एकत्रित इम्पिडन्स, म्हणजे अडथळा, अवघा २ ओहम झाला आहे. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली चालवण्यासाठी बनवलेले नसतात. ओहम जितके कमी, तितका करंट जास्त. तो आउटपुट ट्रान्झिस्टरांना पेलवत नाही, ते तापतात आणि संरक्षक सर्किट यंत्र बंद करते. असे वारंवार होऊ देऊ नका, कारण प्रत्येक वेळी ते सर्किट वेळेवर धावून येईलच असे नाही.

आता ॲम्प्लिफायरची मागची बाजू उजेडात नीट वाचा. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्यांसाठी टर्मिनल असतील, तर त्यांच्याजवळ साधारणपणे असे छापलेले असते की एकच जोडी लावल्यास ४ ओहमपासून पुढे चालेल, मात्र दोन्ही एकदम लावल्यास प्रत्येक स्पीकर किमान ८ ओहमचा हवा. तुमच्या यंत्रावर असेच असेल, तर सोप्यातील जोडी ‘ए’वर आणि पडवीतील जोडी ‘बी’वर लावा, दोन्ही मिळून ४ ओहम होतात. माजघरातील ४ ओहमची जोडी यांच्यात मुळीच मिसळू नका, कारण तेवढ्या एका जोडीने सगळे गणित बिघडते. तिच्यासाठी एक छोटा वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा आणि पहिल्याच्या ‘टेप आउट’मधून, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी दिलेल्या जोडणीतून, त्याला सिग्नल द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘टेप आउट’वर पहिल्या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमचा परिणाम होत नसल्याने माजघरातील आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो, आणि घरात म्हातारी माणसे असतील तर ही सोय फार मोलाची ठरते.

बाजारात स्पीकर सिलेक्टरची, म्हणजे एका ॲम्प्लिफायरवर अनेक जोड्या लावण्याची, पेटीही मिळते. तिच्यातील रेझिस्टर ॲम्प्लिफायरला वाचवतात खरे, पण बरीचशी शक्ती उष्णतेत वाया जाते. वेगवेगळ्या बनावटीचे स्पीकर एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये, जोडण्याचा सल्लाही कोणी देईल. तो मानू नये. स्पीकरचा इम्पिडन्स स्वराच्या उंचीनुसार बदलतो, त्यामुळे अशा जोडणीत एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो आणि पेटी व तबला यांचा मूळ पोत बिघडतो.

पडवीपर्यंतची वायर २० मीटर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबे लागते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध त्या लांबीला अर्ध्या ओहमच्या जवळ जातो, तर २.५ची वायर सुमारे ०.३ ओहमवर राहते. तिथे जाड वायरच घ्या, आणि भाद्रपदातही तुमच्याकडे पाऊस असतो, म्हणून स्पीकर वळचणीच्या बराच आत टांगा.

जोडणी झाल्यावर प्रत्येक स्पीकरचे लाल टोक ॲम्प्लिफायरच्या लाल टोकालाच गेले आहे ना, हे पाहा. एका जोडीत एकच स्पीकर उलटा जोडला गेला, तर दोन्ही चालू असूनही मृदंगाचा खर्ज पातळ होतो. दोन्ही स्पीकर समोरासमोर, जवळ ठेवून ऐकल्यास हा फरक लगेच कानाला कळतो. वायर काढणे-लावणे मात्र ॲम्प्लिफायर बंद करूनच करा.