पाण्याच्या कॅनवर शिकारीची गोळी तपासून काही कळतं का?

तुमचा प्रश्न असा, की हरणाच्या सीझनआधी पाण्याचे कॅन लावून .308 रायफलची गोळी आदळल्यावर किती फुलते (पसरते) आणि किती आत जाते हे बघायचं तर किती कॅन लागतील. गॅलनचे सहा-आठ, एकाला एक चिकटवून, मागे मातीचा चांगला उंच बांध. झालं.

पण कॅन किती हे सगळे विचारतात, किती लांब ठेवायचे हे कुणी विचारत नाही. माझं आणि माझ्या मेहुण्याचं वाजतं ते यावरूनच.

आम्ही दोघंही विस्कॉन्सिनला. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला नऊ दिवसांचा रायफल सीझन सुरू होतो. हा बसतो मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला, हरीण मारतो 250-300 यार्डांवर आणि कॅन लावतो 25 यार्डांवर! 150 ग्रेन वजनाची गोळी नळीतून सुटते सेकंदाला 2800 फुटांच्या आसपास, 300 यार्डांवर तो वेग 2000 च्या घरात आलेला असतो. म्हणजे तपासली ती वेगळीच गोळी. शिवाय पाण्यात भिकार गोळीसुद्धा छान फुलते. "दाजी, फूल बघा फूल!" म्हणत त्याने ते शिशाचं फूल टीव्हीखाली मांडून ठेवलंय.

मी एकदा इंडियन ग्रोसरीतले फुकटचे पेपर गठ्ठ्यागठ्ठ्याने आणून रात्रभर टबात भिजवले, सुतळीने घट्ट बांधले आणि त्यात त्याचीच गोळी, त्याच्याच 25 यार्डांवरून मारायला लावली. मग गठ्ठा सोडून एकेक थर उलटत गेलो. वरच्या पानांना करंगळी जाईल एवढं भोक. थोडं खाली मूठ मावेल एवढा लगदा, आणि त्यात शिशाचे चकचकीत कण, अगदी कडेच्या कॉलमपर्यंत उडालेले. तांब्याचं कवच एकीकडे, शिसं दुसरीकडे. दोन्ही मिळून काट्यावर निम्मं वजनही भरेना. त्यावर मेहुणा म्हणाला, "हरीण काय पेपरचं असतं?" पाण्याचं असतं का मग?

हे कण मटणात जातात, आणि ते आपली पोरं खातात. 2008 साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मटण शिशापायी टाकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात तर 2019 पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. म्हणून मी अख्ख्या तांब्याची वापरतो.

मांसाऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी मारून बघतात, त्या जेलचं खूळ डोक्यात घेऊ नका. 10 टक्के जिलेटिन, 4 अंश सेल्सिअस तापमान, वर छर्रा मारून ते नीट जमलंय का ते बघा. स्वयंपाकघरात बायको उभं करणार नाही. आणि गोळी जेलमध्ये 12 ते 18 इंच जायला हवी हा एफबीआयचा निकष पोलिसांच्या पिस्तुलासाठी आहे, हरणाशी त्याचा संबंध नाही.

आता मेहुण्याचंही एक खरं आहे: वेग फार पडला की तांब्याची गोळी पुरती उघडत नाही, सुईसारखी आरपार जाते. म्हणून तुमच्या अंतरावरच तपासा. ओला कागद मांसापेक्षा चिवट असतो, त्यामुळे त्यातले इंच हरणाला लावू नका. दोन गोळ्यांची तुलना करायला मात्र तो उत्तम. बहुतेक रेंजवर कॅन फोडू देत नाहीत, आधी विचारा. भारतातून वाचणाऱ्यांनी हे नुसतं वाचावं, तिथे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे.

मेहुणा हे उत्तर वाचणार आहेच. बाबा रे, 300 यार्डांवर ये. पेपर मी भिजवतो.