‘टॉवरचं भाडं सुरू झालं की खर्चाचा प्रश्न नाही’

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात अनुदानित शाळेत शिक्षक आहे, वय ४६, हातात येणारा पगार ५२,००० रुपये. घरी आई, पत्नी आणि नववीतली मुलगी. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे चार मोबाईल नंबर आहेत, चारही प्रीपेड. मुलाला ५जी फोन हवाय. सध्याचा ४जी फोन चालू आहे, पण बॅटरी लगेच उतरते. दुकानदार २८,००० चा फोन नो-कॉस्ट ईएमआयवर देतोय, वर २,९९९ चा सुरक्षा पॅक. चौघांसाठी १,३९९ चा पोस्टपेड फॅमिली प्लॅन घ्यावा की वर्षाचं रिचार्ज करावं? आमच्या गच्चीवर ५जी टॉवर मंजूर झालाय. ३० लाख ॲडव्हान्स आणि महिना ३५,००० भाडं मिळणार आहे. ते भाडं सुरू झालं की खर्चाचा प्रश्न नाही. नोंदणीचे १,८५० आणि एनओसीचे (ना-हरकत पत्राचे) १८,५०० तीन आठवड्यांपूर्वी भरलेत, आधार, पॅन, घरपट्टीची पावती आणि पासबुकाचं पहिलं पानही पाठवलंय. जीएसटी आणि विम्याचे ४२,००० या आठवड्यात भरायचे आहेत, ते परत मिळणारे आहेत. त्यासाठी पत्नीच्या बांगड्यांवर कर्ज काढतोय. म्युच्युअल फंडातली महिना ३,००० ची एसआयपी दोन महिने थांबवली आहे. कोणता प्लॅन फायद्याचा?

उत्तर : सर, ते ४२,००० भरू नका. बांगड्या गहाण ठेवल्या असतील तर मिळालेली रक्कम तशीच परत भरा आणि बांगड्या सोडवून आणा. तुमच्या गच्चीवर कुठलाही टॉवर मंजूर झालेला नाही. तुमची फसवणूक झाली आहे आणि ती अजून संपलेली नाही. प्लॅनबद्दल खाली सांगतो, तो हिशोब लहान आहे.

मंजुरीपत्राचा फोटो पाठवलात ते बरं झालं. वर अशोकस्तंभ, शेजारी ट्रायचं चिन्ह, खाली गोल शिक्का आणि शिक्क्यात ‘टॉवर डिपार्टमेंट’. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. रिचार्जच्या दरांवर देखरेख, सेवेचा दर्जा, नंबर पोर्ट करण्याचे नियम ही त्यांची कामं. टॉवरसाठी आपण एनओसी देत नाही, हे ट्रायने स्वतः जाहीर केलेलं आहे. टॉवरच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं दूरसंचार विभागही सांगत आला आहे. म्हणजे ज्या कागदासाठी तुम्ही १८,५०० मोजलेत, तसा कागद ट्राय कुणालाच देत नाही. आता तुमच्या दोन्ही पावत्या शेजारी ठेवून बघा. एक रक्कम एका माणसाच्या बचत खात्यात गेली, दुसरी दुसऱ्याच्या. या दोघांपैकी एकाचंही नाव मंजुरीपत्रावर नाही.

आकडे तर त्याहून स्पष्ट बोलतात. महिना ३५,००० म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. ७ टक्क्यांच्या ठेवीतून एवढं व्याज हवं असेल तर बँकेत ६० लाख ठेवावे लागतील. ६० लाखांच्या ठेवीचं उत्पन्न तुम्हाला २० हजारांत देऊ करतायत. ३० लाख ॲडव्हान्स म्हणजे ८५ महिन्यांचं, सात वर्षांचं भाडं आधीच हातात. जिला अजून तुमची गच्ची पाहायलाही माणूस पाठवावासा वाटला नाही, ती कंपनी सात वर्षांचं भाडं कशाला देईल?

या व्यवहारात पैसा कुठून कुठे जायला हवा, ते बघा. तुम्ही जागामालक, कंपनी भाडेकरू. भाडेकरूने मालकाला पैसे द्यायचे असतात. भाड्यावर टीडीएस लागला तर कंपनी तो भाड्यातून कापून सरकारकडे भरते, तुम्हाला आधी काही भरावं लागत नाही. जीएसटीचं म्हणाल तर, मालकाची नोंदणी नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत कंपनी असेल, तर व्यावसायिक भाड्यावरचा जीएसटी भाडेकरूनेच सरकारकडे भरायचा असतो. मालकाने भाडेकरूच्या हातावर जीएसटी ठेवायचा, असा नियम कुठेही नाही. टॉवरचा विमाही ज्याची मालमत्ता तोच काढतो.

खरी कंपनी जागा कशी घेते तेही सांगतो, म्हणजे पुढे कधी खरी विचारणा आली तर ओळखता येईल. आधी तिचे अभियंते त्या भागात सिग्नल कुठे कमी पडतो ते मोजतात. मग जागा पाहायला येतात, मालकीचे कागद तपासतात, इमारत भार पेलेल का ते बघतात. स्थानिक परवानग्या कंपनीच काढते. भाडेकरार होतो. टॉवर उभारणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांची यादी दूरसंचार विभागाकडे असते, तिच्यात नाव शोधता येतं. या सगळ्यात मालकाला कुणाच्या बचत खात्यावर पैसे पाठवण्याची वेळ कधीच येत नाही.

फोनवर त्यांनी तुम्हाला सांगितलं की ५जीला खूप टॉवर लागतात, म्हणून गावोगाव जागा घेणं चालू आहे. खोटं खपतं ते यामुळेच, त्यात अर्धं खरं मिसळलेलं असतं. ५जीचा बराचसा भार ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. या पट्ट्यावर इंटरनेटचा वेग मोठा मिळतो, पण लहरींचा पल्ला कमी, आणि जाड भिंतीपुढे त्या ढेपाळतात. त्यामुळे सिग्नल देणारी केंद्रं जास्त लागतात हे खरं. पण कंपन्यांनी ५जीची बरीच उपकरणं आधीच उभ्या असलेल्या टॉवरवर चढवली, आणि दाट वस्तीत विजेच्या खांबांवर छोटी केंद्रंही बसवता येतात. ‘५जी’ हा शब्द तोंडात आला म्हणून कुणाच्याही गच्चीला भाव येत नाही.

गेल्या वर्षी एक निवृत्त ग्रामसेवक माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये पावत्या तारखेने लावलेल्या, मंजुरीपत्राला लॅमिनेशन केलेलं. पाच वेळा मिळून १ लाख ९० हजार गेले होते. मी विचारलं, तिसऱ्या वेळी शंका आली नाही का? ते म्हणाले, आली होती, पण थांबलो असतो तर आधीचे बुडाले असते. तुम्हीही आज नेमके त्याच जागी उभे आहात, सर. २०,३५० वाचवण्यासाठी ४२,००० भरायला निघालात. ते भरले की पुढच्या आठवड्यात ‘करार नोंदणी’चे ६० हजार मागतील, आणि थांबणं आजच्याहून अवघड होईल.

आता आजच करायची कामं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेल्याला तीन आठवडे झालेत, त्यामुळे ते परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. असा पैसा काही तासांत पुढच्या खात्यांत फिरवला जातो. तरीही तक्रार करायचीच. ती दोन खाती गोठली तर निदान पुढचा माणूस वाचेल. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका, त्याचे फोटो काढून ठेवा, मगच नंबर ब्लॉक करा. ज्या नंबरांवरून फोन आले ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : आधार, पॅन, घरपट्टीची पावती आणि पासबुकाचं पहिलं पान, सगळं त्यांना पाठवलंय. मला २०,३५० पेक्षा याची काळजी जास्त वाटते. संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवा. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो आज एका ब्युरोकडून काढा, तीन महिन्यांनी दुसऱ्याकडून पुन्हा बघा, तुमच्या पॅनवर कुणी कर्ज उचललेलं नाही ना याची खात्री करा. ‘तुमचं सिम ५जीला अपग्रेड करायचंय, ओटीपी सांगा’ असा फोन आता येऊ शकतो. जिओ आणि एअरटेल दोन्हींकडे ४जीचंच सिम ५जीला चालतं, त्यामुळे असा फोन आला की तो ठेवून द्या. ‘बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी लागेल’ म्हणणारेही फोन करतील. ती बहुतेक त्याच टोळीची माणसं असतात.

वहिनींना आणि मुलाला आज रात्री सगळं सांगा. कमीपणा वाटून घेऊ नका. एकट्याने गुपचूप निस्तरायला गेलं की माणूस पुढचा हप्ताही गुपचूपच भरतो.

आता प्लॅन. भाड्याचे ३५,००० हिशोबातून काढून टाका आणि ५२,००० च्या पगारावर बघा. १,३९९ च्या पोस्टपेडवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे महिन्याला १,६५० आणि वर्षाला जवळपास २०,०००. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो. दिवसाला २ जीबीचं २८ दिवसांचं रिचार्ज आजच्या दरात साडेतीनशेच्या आसपास आहे. २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात, म्हणजे साडेचार हजार. तेवढाच डेटा वर्षाच्या पॅकमध्ये साधारण ३,६०० ला मिळतो. एका सिममागे ९०० वाचतात. मुलगा, तुम्ही आणि वहिनी मिळून वर्षाचा खर्च १०,८००. आईंकडे बटणांचा फोन आहे, त्यांना डेटा लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. तसा वर्षाचा पॅक अठराशे-साडेअठराशेला येतो. एकूण साडेबारा हजार. पोस्टपेडपेक्षा सात हजार कमी. सगळे पॅक एकाच महिन्यात भरू नका. चालू रिचार्ज जसजसं संपेल तसतसा एकेक घ्या.

पण वर्षाचे पैसे गुंतवण्याआधी एक महिना २८ दिवसांचंच रिचार्ज करून नेटवर्क पारखा. मुलाने खोलीत, कॉलेजच्या वर्गात आणि बसमध्ये बघावं. नंबर पोर्ट केला की प्रीपेडचे उरलेले दिवस आणि शिल्लक बुडते, आणि नव्या कंपनीतून ९० दिवस हलता येत नाही. पुणे ५जीच्या पहिल्या टप्प्याच्या यादीतलं शहर आहे, तिथे ५जी मिळेल. पण सिग्नल खोलीगणिक बदलतो.

आणि ‘अनलिमिटेड ५जी’ हे शब्द नीट वाचा. ते बहुतेक दिवसाला २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच मिळतं, आणि फोन ५जीवर असेपर्यंतच. ४जीवर उतरला की रोजचा कोटा खर्ची पडतो. तुमचा आणि वहिनींचा फोन ४जीचा आहे. त्यावर ५जीचा कितीही मोठा पॅक टाकला तरी काहीच बदलणार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा डेटा वापर दिसतो. तो दिवसाला १ जीबीच्या खाली असेल तर तुम्हा दोघांना वर्षाच्या पॅकपेक्षाही लहान पॅक पुरेल.

फोन आत्ता घेऊ नका. बॅटरी बदलून घ्या, हजार-दीड हजाराचं काम आहे. घ्याल तेव्हा १५,००० च्या आतला घ्या. माहितीपत्रकात एन२८ आणि एन७८ (वर सांगितलेला ३,३०० मेगाहर्ट्झचा पट्टा) हे दोन बँड आहेत का, आणि एसए ५जी, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी, चालतं का, एवढं बघा. जिओचं ५जी सुरुवातीपासून एसए पद्धतीचं आहे, आणि लांब पोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे एन२८, २०२२ च्या लिलावात त्यांनीच घेतला. नो-कॉस्ट ईएमआयबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज किमतीत मिसळलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा जीएसटी. दुकानात ‘रोखीने कितीला?’ एवढं विचारा, फरक कळेल. २,९९९ चा सुरक्षा पॅक तर साफ नको. २८,००० च्या फोनवर दहा टक्क्यांहून जास्त पैसे अशा कागदाचे, ज्यातल्या अटी दुकानदारानेही वाचलेल्या नसतात. या पॅकवर दुकानाला कमिशन असतं, म्हणून तो गळ्यात मारला जातो.

एसआयपी या महिन्यापासून पुन्हा सुरू करा. गेलेले २०,३५० म्हणजे तिचे जवळपास सात हप्ते. मुलाचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे आणि पाठोपाठ मुलीचं येतंय, त्यामुळे ही एसआयपी कुठल्याही फीसाठी पुन्हा थांबवायची नाही. मुलाचं चालू रिचार्ज महिनाअखेरपर्यंत आहे, प्लॅनला आठ-दहा दिवस लागले तरी चालतील. १९३० वरून तक्रारीचा क्रमांक मिळाला की मला कळवा, बँकेच्या अर्जाचा मजकूर लगेच तयार करून पाठवतो.