ऑनलाइन चर्चेत खरं नाव सक्तीचं केलं, तर लोकांचा उद्धटपणा थांबेल का?

नाही थांबणार. गेली काही वर्षं मी एका मोठ्या ऑनलाइन गटाची ॲडमिन आहे आणि आडनाव, फोटो, नोकरी असं सगळं प्रोफाइलवर ठेवून अर्वाच्य लिहिणारे मी भरपूर पाहिलेत.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग देशभर करून पाहिला. 2007 पासून तिथल्या मोठ्या वेबसाइटवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं होतं. 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्या सक्तीमुळे बेकायदा मजकूर फारसा कमी झाल्याचं दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. शिवाय टोपणनावाची खरी गरज असते ती घरातल्या मारहाणीबद्दल किंवा लपवलेल्या आजाराबद्दल विचारणाऱ्यांना. सक्ती केली तर आधी तेच गप्प होतील.

मग उद्धटपणा येतो कुठून? 2012 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी लोकांच्या जोड्या लावून त्यांना चॅटवर वाद घालायला लावला. नाव लपवणं, न दिसणं आणि नजरेला नजर न भिडणं, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. सगळ्यात जास्त परिणाम नजर न भिडण्याचा निघाला. मला हे मनापासून पटतं. समोरच्याचा चेहरा उतरला की आपला आवाज आपसूक खाली येतो. पडद्यावर तो उतरलेला चेहरा दिसतच नाही, म्हणून आपण बोलत सुटतो. सूरही पोचत नाही. गंमत कुठली आणि टोमणा कुठला हे कळेना, म्हणून तर अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फॅलमन यांनी 1982 मध्ये विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचवला होता.

एक मात्र सांगते. कडक मतभेद म्हणजे उद्धटपणा नव्हे. ‘तुमचा हा आकडा चुकलाय, कारण असं असं’ हे मी कधीच काढत नाही. ‘अक्कल आहे का’ हे काढते, लिहिणाऱ्याचा मुद्दा बरोबर असला तरी. आणि काढलं की कारण त्या माणसाला खासगीत कळवते. चारचौघांत झापलं की तो अजून पेटतो. नियम चर्चेच्या अगदी वर, दिसेल असे लावले की बराच फरक पडतो, हाही माझा अनुभव.

काढायला सगळ्यात अवघड असतं ते सभ्य शब्दांत केलेलं बोचरं लिखाण. तशी एक ओळ माझीच आहे. एका नवीन मुलीने अगदी साधा प्रश्न विचारला होता. दिवसभराच्या वैतागात मी लिहिलं, ‘आधी जुन्या चर्चा वाचून या, मग विचारा.’ एकही शब्द वाईट नव्हता. चौघांनी अंगठेही दिले. तिने मात्र प्रश्न पुसून टाकला. दोन दिवसांनी मी तिला खासगीत माफी मागून सविस्तर उत्तर पाठवलं. तोवर ती गटातून बाहेर पडली होती. तो निरोप अजूनही न वाचलेला दिसतो.