जुनी अल्टो घेताय?

मित्रा, रंग आणि सीटकव्हर बघून भुलू नकोस. सकाळी इंजिन गार असतानाच जा, रेडिएटरचं झाकण उघडून बघ. कूलंटवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावर, तेलाचा तवंग दिसला तर सरळ परत फिर. ८०० सीसीच्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे इंजिनातला ठरावीक काळाने बदलावा लागणारा पट्टा. तो कधी बदलला याचं बिल माग. अल्टो के१० मॉडेलला बेल्टऐवजी चेन असते.

क्लच चढावरच तपास. तिसऱ्या गियरला इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. बाहेरच्या गॅरेजला मजुरीसकट ५-६ हजार धर. मी हे बघितलं नव्हतं. खंबाटकी घाटात लेकरांना घेऊन दोन तास उभा होतो.

कोकणातली गाडी असेल तर दाराखालचा पत्रा गंजलाय का ते नक्की टोचून बघ. १५ वर्षं भरत आली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचे पैसे आधीच किमतीतून वजा कर.