माध्यमिक शाळेत रोजचा होमरूमचा तास अजूनही गरजेचा आहे का?

आपला प्रश्न असा आहे की हजेरी आता ॲपवर लागते, सूचना थेट पालकांच्या मोबाइलवर जातात आणि वेळापत्रक मुलांना पाठ असते. मग माध्यमिक शाळेत वर्गशिक्षकांबरोबरची रोजची दहा-पंधरा मिनिटे, म्हणजेच होमरूमचा तास, कशासाठी राखून ठेवायचा? मी बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना शिकवते आहे आणि त्यांतील बहुतेक वर्षे वर्गशिक्षिका म्हणूनही काम केले आहे. माझ्या मते हा तास हवा, आणि रोज हवा. मात्र ज्या कामांसाठी तो मुळात सुरू झाला, ती कामे आता त्यातून काढून टाकली पाहिजेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतील हायस्कुले झपाट्याने वाढली. प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक आला, मुले दर तासाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली, आणि दिवसातून एकदा सर्वांची मोजदाद करण्यासाठी, पत्रके वाटण्यासाठी व सूचना वाचून दाखवण्यासाठी एक ठरलेली खोली आणि एक ठरलेला शिक्षक लागू लागला. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम पुढे या तासाला जोडले गेले, पण पुष्कळ ठिकाणी ते कागदावरच राहिले. त्यामुळे हजेरी आणि सूचना यंत्राकडे गेल्यावर या तासात काहीच उरत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. आपला प्रश्न म्हणूनच मला रास्त वाटतो.

तरीही एक अडचण कोणत्याही ॲपने सुटलेली नाही. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक मुलाला जवळपास दिवसभर पाहतो. माध्यमिक शाळेत तेच मूल सात-आठ शिक्षकांमध्ये विभागले जाते, आणि त्यांतील प्रत्येकाच्या हाताखालून दिवसभरात शंभराहून अधिक विद्यार्थी जातात. माझ्या वर्गातील एका मुलाबद्दल एकाच महिन्यात तीन अभिप्राय आले. गणिताच्या शिक्षकांचे म्हणणे होते की तो उदाहरणेच चुकीची उतरवून घेतो, आठच्या जागी तीन लिहितो. विज्ञानाच्या शिक्षिकांची तक्रार होती की तो शेजाऱ्याशी सतत बोलतो. इतिहासाच्या शिक्षकांना मात्र तो अतिशय लक्ष देणारा विद्यार्थी वाटत होता, कारण ते फळ्यावर फारसे लिहीत नसत, तोंडी समजावून सांगत. सकाळच्या तासात फळ्यावर लिहिलेला वेळापत्रकातील बदल तो शेजाऱ्याला विचारून घेतो आहे, हे मला लागोपाठ काही दिवस दिसले, तेव्हा उलगडा झाला. त्याचा चष्मा मोडला होता आणि घरी सांगायला तो घाबरत होता. तिघाही शिक्षकांचे निरीक्षण अचूक होते, पण आपापल्या तासापुरतेच. ते एकत्र जुळवायला जागा होती ती फक्त त्या दहा मिनिटांत.

हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बालफान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील सहावीच्या विद्यार्थ्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी हजेरी, बिघडलेले वर्तन आणि गणितात किंवा भाषेत अनुत्तीर्ण होणे या खुणांवरून, पुढे शालेय शिक्षण पूर्ण न करणाऱ्या मुलांपैकी सुमारे 60 टक्के मुले सहावीतच ओळखता येत होती. या खुणा प्रत्येक शाळेच्या दप्तरात असतातच. फक्त हजेरी एका नोंदवहीत, वर्तन दुसऱ्या आणि गुण तिसऱ्या नोंदवहीत असल्याने त्या एकाच मुलाच्या आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

हजेरीचेच पाहा. शाळेच्या एकूण दिवसांपैकी 10 टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणे ही दीर्घकालीन गैरहजेरी, अशी व्याख्या अमेरिकेत रूढ आहे. वर्षाचे 180 दिवस धरले तर हे 18 दिवस होतात, म्हणजे महिन्याला साधारण दोन. महिन्यातून दोनदा न आलेले मूल कोणत्याही विषयशिक्षकाला खटकत नाही. ॲप तो आकडा लाल रंगात दाखवील, पण मूल परत आल्याच्या दिवशी त्याला बाजूला घेऊन "काल का आला नाहीस?" असे विचारणारे माणूसच लागते, आणि ते मुलाच्या रोजच्या ओळखीचे असेल तरच उत्तर खरे मिळते. आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या शिक्षकाला हे जमत नाही. सोमवारी रडवेल्या चेहऱ्याने आलेली मुलगी शुक्रवारपर्यंत सावरलेली असते किंवा बोलायचे टाळायला शिकलेली असते. होमरूम रोज असावा असा माझा आग्रह आहे तो एवढ्याचसाठी.

वेळ वाया जातो हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. रोजची 10 मिनिटे म्हणजे 180 दिवसांत 30 तास, आणि अभ्यासक्रमाच्या दडपणाखाली असलेल्या शिक्षकाला ते डोळ्यांत येणारच. ही मिनिटे सूचना वाचण्यात, शुल्काच्या पावत्या गोळा करण्यात किंवा राहिलेला गृहपाठ उरकण्यात जाणार असतील, तर हा तास बंद करावा असेच मीही म्हणेन.

तो उपयोगी करायचा तर सर्वांत आधी शिक्षक दरवर्षी बदलू नयेत. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे 1996 मध्ये सुरू झालेल्या द मेट या शाळेत साधारण पंधरा विद्यार्थ्यांचा गट चारही वर्षे एकाच मार्गदर्शक शिक्षकाकडे ठेवण्याची पद्धत आहे. एवढा लहान गट सर्वत्र परवडणार नाही हे उघड आहे, पण तोच वर्ग दोन-तीन वर्षे त्याच शिक्षकांकडे ठेवायला पैसा लागत नाही, केवळ वेळापत्रक लावणाऱ्यांची तयारी लागते. जपानमध्ये पुष्कळ शाळांत मुले एकाच वर्गखोलीत बसतात आणि शिक्षक खोल्या बदलतात. तरीही तेथे दिवसाच्या सुरुवातीला व अखेरीला वर्गशिक्षकांबरोबर थोडा वेळ राखलेला असतो आणि आठवड्यातून एक मोठा तास वर्गाच्या चर्चेला दिलेला असतो. रोजची लहान भेट आणि आठवड्याची निवांत बैठक ही जोडणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

तासाची वेळही विचारपूर्वक ठरवावी लागते, आणि याकडे फार कमी शाळा लक्ष देतात. होमरूम दिवसाच्या अगदी सुरुवातीला ठेवला की उशिरा येणारी मुले नेमकी त्यालाच मुकतात, आणि ज्यांच्याकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे ती बहुधा हीच मुले असतात. पहिल्या किंवा दुसऱ्या तासानंतर तो ठेवला, तर सगळा वर्ग हाती लागतो आणि कोण अजूनही आलेले नाही हेही निश्चित कळते.

या कामाचा भार शिक्षकाच्या तासिकांमध्ये मोजला गेला पाहिजे. चाळीस मुलांची विचारपूस करायची, पालकांना फोन करायचे, विषयशिक्षकांशी बोलायचे आणि वर पूर्ण तासिका घ्यायच्या, असे असेल तर सहृदय शिक्षकही वर्षअखेरीस केवळ हजेरीपुरता उरतो. वर्गशिक्षकांची एखादी तासिका कमी करावी आणि पंधरा दिवसांतून एकदा त्या वर्गाच्या सर्व विषयशिक्षकांना अर्धा तास एकत्र बसवून एकेका विद्यार्थ्याचे नाव घेऊन बोलू द्यावे. आपल्या शाळेत हा तास बंद करण्याचा प्रस्ताव असेल, तर व्यवस्थापनाकडे आधी एक वर्षासाठी एवढी सवलत मागा आणि सूचनावाचन त्या तासातून पूर्णपणे हटवा. त्यानंतरही वर्गशिक्षकांकडे मुलांबद्दल सांगण्यासारखे काही जमत नसेल, तर ती मिनिटे वाचनालयाला द्यायला माझी हरकत नाही.