सोलापुरी चादरीला इंग्रजीत ‘बेडशीट’ म्हणायचं की ‘ब्लँकेट’?
अंगावर घेणार असाल तर ब्लँकेट.

बेडशीट म्हणजे गादीवर अंथरायचं पातळ कापड, आपला पलंगपोस. ब्लँकेट ऊब देणारं, जाडसर. आपली जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली सुती चादर बहुतेक घरांत पांघरायलाच असते, त्यामुळे ‘कॉटन ब्लँकेट’ बरोबर बसतं. घोळ ‘चादर’ या शब्दामुळे होतो. मराठीत अंथरायची तीही चादर आणि पांघरायची तीही चादरच! इंग्रजीत तसं चालत नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ‘बेडशीट’ सांगून पाठवलीत, तर तो ती गादीवर घालेल आणि टोचते म्हणून कुरकुरेल.

लाक्षणिक अर्थही वेगळे आहेत. ‘ब्लँकेट बॅन’ म्हणजे सरसकट बंदी, तिथे ‘शीट’ चालत नाही. कागदाचा ताव किंवा पत्रा मात्र ‘शीट’च. टॉवेलचं बरं आहे, तो दोन्हीकडे टॉवेलच.